ऑर्केस्ट्रा काय वाजवणार, हे कोण ठरवतं?

पाश्चात्त्य संगीताची नुकतीच गोडी लागलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो. कुठल्याही सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या गेल्या दहा-वीस वर्षांच्या कार्यक्रमपत्रिका काढून बघा. बीथोवन, मोझार्ट, ब्राम्स, चायकोव्हस्की हीच नावं फिरून फिरून भेटतात. ही मंडळी जाऊन शंभर-दोनशे वर्षं उलटली. मग दरवर्षी ‘नवा हंगाम’ जाहीर होतो, त्यात नवं काय असतं? आणि काय वाजवायचं हे ठरवतं तरी कोण? संचालक, वादक, तिकीट काढणारे रसिक, की पैसा देणारे?

या सगळ्यांचाच त्यात हात असतो, पण बहुतेक वेळा शेवटचा शब्द हिशेबाच्या वहीचा असतो. ती वही कशी चालते आणि एखाद्या शहरानं तिच्यातली फक्त एक नोंद इकडची तिकडे केली तर काय घडू शकतं, हे समजून घ्यायला लुईव्हिलसारखं दुसरं उदाहरण नाही. अमेरिकेच्या केंटकी राज्यात, ओहायो नदीच्या काठी वसलेलं हे मध्यम आकाराचं शहर. संगीतातल्या प्रतिष्ठेच्या बाबतीत न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो यांच्या पंक्तीत त्याला कुणी बसवलं नव्हतं. तरीही १९५० च्या दशकात जगभरचे संगीतकार आपली ताजी रचना पहिल्यांदा ऐकवायला याच शहराकडे पाठवत होते.

१. हंगाम म्हणजे काय?

युरोप-अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्राचं वर्ष साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतं आणि मे-जूनमध्ये संपतं. या आठ-नऊ महिन्यांना हंगाम म्हणतात. हंगामाचं वेळापत्रक कितीतरी महिने आधी छापून येतं, कारण नावाजलेल्या कलाकारांच्या तारखा दोन-दोन वर्षं आधीच भरलेल्या असतात. ऑर्केस्ट्राचा एक मुख्य दिग्दर्शक असतो, त्याला संगीत संचालक म्हणतात. हंगामातले निवडक कार्यक्रम तो स्वतः करतो, उरलेल्यांसाठी पाहुणे दिग्दर्शक येतात.

आपल्याकडे असा हंगाम बघायचा तर मुंबईत बघायला मिळतो. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वर्षाला दोन छोटे हंगाम करतो, एक साधारण फेब्रुवारीच्या सुमारास आणि दुसरा सप्टेंबरच्या.

हंगामाचा कणा म्हणजे वर्गणीदार. एकेका कार्यक्रमाचं तिकीट काढण्याऐवजी हा रसिक अख्ख्या मालिकेचे पैसे आधीच भरतो. ऑर्केस्ट्राच्या हाती वर्षाच्या सुरुवातीलाच रक्कम पडते, म्हणून वर्गणीदाराला जपावं लागतं. मात्र आठ कार्यक्रमांचे पैसे एकदम मोजणाऱ्या माणसाला आपण काय ऐकणार आहोत याची थोडीफार खात्री हवी असते. ओळखीची नावं दिसली की तो निर्धास्त होतो. कार्यक्रम ठरवणाऱ्यांवर पहिलं बंधन पडतं ते इथे.

२. एका संध्याकाळची बांधणी

आता एकच कार्यक्रम घेऊ. त्याचा साचा गेल्या शतकभरात फारसा बदललेला नाही. आधी एक छोटी रचना, बहुधा ओव्हर्चर, म्हणजे मुळात ऑपेराचा पडदा उघडण्यापूर्वी वाजवला जाणारा तुकडा. मग कन्चेर्टो. यात पियानो किंवा व्हायोलिनसारखं एक वाद्य पुढे असतं आणि बाकीचा सगळा ऑर्केस्ट्रा त्याच्याशी संवाद करतो. मग मध्यंतर. शेवटी सिम्फनी, म्हणजे बहुतेक वेळा चार भागांची मोठी रचना.

मिनिटांचा हिशेब मांडू. ओव्हर्चर १० मिनिटं, कन्चेर्टो ३०, मध्यंतर २०, सिम्फनी ४०. एकूण १०० मिनिटं, त्यांतली ८० संगीताची. आता या ८० मिनिटांत हयात संगीतकाराची नवी रचना कुठे बसवायची? सिम्फनीच्या जागी बसवली तर लोक मध्यंतरातच घरी जातील अशी धास्ती. कन्चेर्टोची जागा पाहुण्या कलाकाराची, आणि त्यानं कुठला कन्चेर्टो वाजवायचा हे आधीच ठरलेलं. राहिली पहिली दहा मिनिटं. म्हणून नवं संगीत सहसा कार्यक्रमाच्या तोंडाशीच ऐकू येतं, उशिरा येणारे श्रोते दाराबाहेर ताटकळत असतात तेव्हा. दहा मिनिटांची रचना ही संगीतकाराची मर्यादा नसते. ती त्याला मिळालेल्या जागेची मर्यादा असते.

३. हिशेबाच्या वहीत काय दिसतं?

ऑर्केस्ट्राचा सगळ्यात मोठा खर्च माणसांवर होतो. मंचावर साठ-सत्तर वादक बसलेले असतात आणि सभागृह भरलेलं असो की रिकामं, त्यांचं मानधन तेच राहतं. कारखान्यात नवं यंत्र आणून तेच काम निम्म्या माणसांत करता येतं. बीथोवनच्या सिम्फनीला जेवढे वादक १८१० साली लागत होते, जवळजवळ तेवढेच आजही लागतात. केवळ तिकिटांवर ऑर्केस्ट्रा चालणं म्हणूनच अवघड. देणग्या, नगरपालिकेची किंवा सरकारची मदत, एखाद्या न्यासाचं अनुदान यांचा आधार घ्यावाच लागतो.

यावर भर पाहुण्या कलाकाराच्या मानधनाची. मोठं नाव असेल तर एका संध्याकाळचा आकडा डोळे विस्फारणारा असतो. पण त्याच्या नावावर तिकिटं खपतात, म्हणून तो खर्च आवश्यक मानला जातो.

आता जुनी रचना आणि नवी रचना शेजारी ठेवून बघा. जुन्या रचनेवर कुणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. प्रत्येक वाद्याची स्वरलिपी ऑर्केस्ट्राच्या कपाटात तयार आहे. वादकांनी ती विद्यार्थिदशेपासून वाजवली आहे, तालमी थोडक्यात आटोपतात. नव्या रचनेत मानधन, प्रत्येक वाजवण्यामागे द्यायची रक्कम, स्वरलिपीच्या प्रतींचा खर्च, जादा तालमी, आणि एवढं करून तिकिटांची खात्री नाही.

हंगाम ठरवणाऱ्यांचा प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर शहाणपणाचाच दिसतो. या वर्षी पैसे कमी आहेत, बीथोवनची पाचवी घेऊ. पुढच्या वर्षी वर्गणीदार घटले आहेत, चायकोव्हस्की घेऊ. अशा वीस शहाण्या निर्णयांची बेरीज झाली की तीच ती यादी तयार होते.

४. पुराच्या सालात जन्मलेला ऑर्केस्ट्रा

लुईव्हिलचा ऑर्केस्ट्रा १९३७ साली उभा राहिला. त्याच वर्षीच्या जानेवारीत ओहायो नदीला आलेल्या प्रचंड पुरानं शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता आणि हजारो कुटुंबांना घरं सोडावी लागली होती. असं शहर सावरत असताना शिकागोहून रॉबर्ट व्हिटनी नावाचा तिशीतला दिग्दर्शक तिथे आला. त्यानं स्थानिक वादक जमवले, शिकवले, आणि १९६७ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षं, या ऑर्केस्ट्राचं नेतृत्व केलं.

सुरुवातीचे हंगाम चारचौघांसारखेच होते. नावाजलेल्या रचना घ्यायच्या, बाहेरून महागडे वादक आणायचे आणि मोठ्या शहरांसारखा कार्यक्रम आपल्या गावात करून दाखवायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर या मार्गानं ऑर्केस्ट्रा कर्जात रुतला. १९४८ च्या सुमारास तो चालू ठेवायचा की बंद करायचा, इथवर गोष्ट आली.

५. महापौरांचा तोडगा

त्याच वर्षी चार्ल्स फार्न्सली लुईव्हिलचे महापौर झाले. पेशानं वकील, वाचनाचा नाद आणि ऑर्केस्ट्राच्या कारभारातही लक्ष. त्यांनी मांडलेली कल्पना ऐकायला साधी होती. पाहुण्या तारांकित वादकांवर जो पैसा जातो तो थांबवायचा, ऑर्केस्ट्रा सुमारे पन्नास वादकांचा, आटोपशीर ठेवायचा, आणि वाचलेल्या पैशातून जगभरच्या हयात संगीतकारांना सांगायचं: आमच्यासाठी एक नवी रचना लिहा.

याला कमिशन म्हणतात. ऑर्केस्ट्रा संगीतकाराला ठरावीक रक्कम देतो, रचनेचा अंदाजे वेळ, वाद्यांची संख्या आणि तारीख ठरते, आणि पहिल्या सादरीकरणाचा मान त्या ऑर्केस्ट्राला मिळतो.

इथे हिशेबाची वही पुन्हा उघडू. प्रख्यात व्हायोलिनवादक एका संध्याकाळी येतो, टाळ्या घेतो, दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जातो. शहराकडे उरते ती आठवण. तोच पैसा रचनेवर घातला तर उरते ती रचना. ती उद्या दुसरीकडे वाजेल तेव्हाही तिच्या माथ्यावर लुईव्हिलचं नाव असेल. फार्न्सलींनी नोंद हलवली ती एवढीच: खर्चाच्या रकान्यातली रक्कम त्यांनी ठेवीच्या रकान्यात नेली.

१९४८-४९ च्या हंगामापासून याची फळं दिसू लागली. व्हर्जिल थॉमसननं ‘व्हीट फील्ड ॲट नून’ लिहिली. फ्रेंच संगीतकार दारियुस मियोनं केंटकीच्या लोकसुरांवर ‘केंटकियाना’ रचली. रॉय हॅरिसची ‘केंटकी स्प्रिंग’ आली. मग पॉल हिंडेमिथ, बोहुस्लाव मार्टिनू, आर्थर होनेगर अशी युरोपातली मातब्बर नावं यादीत दिसू लागली.

६. कन्चेर्टोच्या जागी नर्तकी

१९५० च्या जानेवारीत लुईव्हिलनं साच्यातली नेमकी ती जागा बदलली, जिथे पाहुणा वादक बसायचा. आधुनिक नृत्याची अग्रणी मार्था ग्रॅहम हिला पाहुणी म्हणून बोलावलं आणि तिच्यासाठी विल्यम शूमनकडून ‘ज्युडिथ’ ही रचना लिहून घेतली. वेढा पडलेल्या आपल्या गावासाठी शत्रूच्या सेनापतीच्या तंबूत शिरून त्याचं शिर कापणाऱ्या स्त्रीची ही प्राचीन कथा. एकल व्हायोलिनची भूमिका इथे एका नर्तकीच्या शरीराला मिळाली होती.

पाहुणा कलाकार इथेही होताच आणि त्याच्या नावाचं आकर्षणही होतं. पण ग्रॅहमनं येऊन जुनाच तुकडा केला नाही. ती आली म्हणून एक नवी गोष्ट जन्माला आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लुईव्हिलचा ऑर्केस्ट्रा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गेला आणि ‘ज्युडिथ’ तिथेही सादर झाली. दोन वर्षांपूर्वी बंद पडण्याच्या बेतात असलेला ऑर्केस्ट्रा देशातल्या सगळ्यात मानाच्या मंचावर पोचला, आणि तोही स्वतःचं काहीतरी घेऊन. बीथोवनची पाचवी घेऊन तो तिथे गेला असता तर न्यूयॉर्ककरांनी ती आपल्या ऑर्केस्ट्राशी ताडून पाहिली असती आणि विषय तिथेच संपला असता.

७. आठवड्याला एक नवी रचना

१९५३ मध्ये रॉकफेलर फाउंडेशननं लुईव्हिलला चार लाख डॉलरचं अनुदान दिलं. योजना डोळे दिपवणारी होती: वर्षाला ४६ नव्या रचना लिहून घ्यायच्या, शनिवारी दुपारच्या कार्यक्रमांत त्या वाजवायच्या आणि ध्वनिमुद्रित करून ‘फर्स्ट एडिशन’ या ऑर्केस्ट्राच्या स्वतःच्या मालिकेत वर्गणीदारांना पाठवायच्या.

हा आकडा किती मोठा, हे कळायला छोटं गणित करू. एक रचना सरासरी १५ मिनिटांची धरली तर ४६ रचनांची ६९० मिनिटं होतात, म्हणजे साडेअकरा तास. दुसरीकडे असा ऑर्केस्ट्रा कल्पा, जो हंगामात आठ कार्यक्रम करतो आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला १२ मिनिटांची एक नवी रचना ठेवतो. त्याची वर्षाची बेरीज ९६ मिनिटं, जेमतेम दीड तास. असा ऑर्केस्ट्राही धाडसी गणला जाईल. लुईव्हिलनं त्याच्या सातपट काम अंगावर घेतलं होतं.

वादकांच्या बाजूनं हे काय असतं ते नीट पाहायला हवं. नव्या रचनेची पहिली तालीम म्हणजे जवळजवळ शोधमोहीम. प्रत्येक वादकापुढे फक्त स्वतःच्या वाद्याची पानं असतात, बहुतेकदा हातानं उतरवलेली. शेजारचा काय वाजवणार हे ठाऊक नसतं, कारण ही रचना अजून कुणीच ऐकलेली नाही. हॉर्नवाल्याचा एक स्वर खटकतो. दिग्दर्शक थांबतो, सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी असलेल्या मोठ्या वहीत बघतो. उतरवणाऱ्याकडून कोमलाची खूण राहून गेलेली असते. पेन्सिलीनं दुरुस्ती होते. दहा मापं पुढे गेल्यावर पुन्हा थांबणं. कधी चूक नसतेच, संगीतकाराला तो कर्कश मेळ मुद्दामच हवा असतो. बीथोवनमध्ये चुकलेला स्वर कानाला लगेच कळतो. इथे चूक कुठली आणि कल्पना कुठली हेच आधी ठरवावं लागतं. लुईव्हिलचे वादक हे काम आठवड्यामागून आठवडे करत होते आणि त्यांतल्या अनेकांचा चरितार्थ केवळ ऑर्केस्ट्रावर चालत नव्हता. या प्रयोगाचं श्रेय वाटताना महापौर आणि फाउंडेशन यांच्याआधी या वादकांची नावं घ्यायला हवीत.

रचना मागवताना लुईव्हिलनं दृष्टीही संकुचित ठेवली नाही. ब्राझीलचा व्हिला-लोबोस, अर्जेंटिनाचा हिनास्तेरा, मेक्सिकोचा चावेझ, इटलीचा दालापिकोला, चीनमधून अमेरिकेत आलेला चौ वेन-चुंग अशा नाना देशांच्या संगीतकारांनी या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलं. लू हॅरिसननं ‘फोर स्ट्रिक्ट साँग्ज’ लिहिताना तर स्वर वेगळ्या पद्धतीनं जुळवायला सांगितले. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे स्वर निसर्गतः जिथे लागतात तिथून किंचित सरकतात. हार्मोनियमच्या श्रुतींवरून आपल्याकडे झालेला जुना वाद याच मुद्द्याचा. हॅरिसनला ते निसर्गतः लागणारे स्वर हवे होते, आणि केंटकीतल्या या छोट्या ऑर्केस्ट्रानं तो प्रयत्न केला.

८. देवीच्या देवळात बदललेली शिरं

या सगळ्या यादीत मराठी नाट्यरसिकाला जवळचा वाटावा असा एक ऑपेरा आहे. पेगी ग्लॅनव्हिल-हिक्स ही मूळची मेलबर्नची आणि न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेली संगीतकार. रॉकफेलर योजनेत तिनं ‘द ट्रान्स्पोज्ड हेड्स’ लिहिला आणि एप्रिल १९५४ मध्ये तो लुईव्हिलमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आला. आधार होता जर्मन कादंबरीकार थॉमस मान यांच्या लघुकादंबरीचा, आणि मान यांनी कथा घेतली होती वेताळपंचविशीच्या परंपरेतून.

कथा आपल्या ओळखीची आहे. बुद्धीनं तेज असलेला श्रीदमन आणि शरीरानं पिळदार असलेला नंद हे जिवलग मित्र. सीतेचं लग्न श्रीदमनाशी होतं, मन नंदाकडेही ओढ घेतं. कालीच्या देवळात दोघेही आपापलं शिर उतरवतात. देवी सीतेला सांगते, शिरं धडांवर ठेव, ते जिवंत होतील. घाईत शिरांची अदलाबदल होते. आता तिचा नवरा कोण, ज्याच्या धडावर श्रीदमनाचं शिर आहे तो, की श्रीदमनाचं धड असलेला?

याच मान यांच्या कादंबरीचा आधार घेऊन गिरीश कर्नाडांनी पुढे ‘हयवदन’ लिहिलं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणलं आणि विजया मेहतांनी मराठी रंगभूमीवर उभं केलं. ‘हयवदन’ लिहिलं जाण्याच्या बऱ्याच वर्षं आधी ही भारतीय कथा ओहायोच्या काठी गायली गेली होती. ग्लॅनव्हिल-हिक्सनं भारतीय लोकधुनींचा मुक्तपणे उपयोग केला आणि तालवाद्यांना भरपूर वाव दिला. केवळ तिकीटविक्रीकडे बघून हंगाम आखणाऱ्या कुठल्या शहरानं १९५४ साली हा ऑपेरा मागवला असता?

९. यातलं टिकलं किती?

हा प्रश्न सरळ विचारायला हवा आणि उत्तरही सरळ द्यायला हवं. बहुतेक रचना टिकल्या नाहीत. आज जगभरच्या हंगामांत त्यांतल्या मोजक्याच ऐकू येतात. काही घाईत लिहिलेल्या होत्या, काही नेटक्या असूनही विसरल्या गेल्या. पण याच रांगेत इलियट कार्टरची ‘व्हेरिएशन्स फॉर ऑर्केस्ट्रा’ आहे. एप्रिल १९५६ मध्ये लुईव्हिलला ती पहिल्यांदा वाजली आणि आज विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या ऑर्केस्ट्रा-रचनांत तिची गणना होते. एरन कोपलंडनं आपल्या गाजलेल्या पियानो-रचनेला इथल्यासाठी ‘ऑर्केस्ट्रल व्हेरिएशन्स’चं रूप दिलं. दालापिकोला आणि हिनास्तेरा यांच्या रचनाही जिवंत राहिल्या.

आपल्या दिवाळी अंकांकडे पाहिलं की हे गणित लगेच उमगतं. संपादक उन्हाळ्यातच लेखकांना पत्रं धाडतो, कथा मागतो, मानधन देतो. त्या वर्षीच्या शेकडो कथांपैकी पन्नास वर्षांनी वाचली जाते एखाददुसरीच. म्हणून बाकीच्या छापणं वाया गेलं असं कुणी म्हणत नाही. ती एक कथा कुठली ठरणार हे मागवताना कुणालाच माहीत नसतं, आणि मागवणाराच नसता तर तीही लिहिली गेली नसती.

लुईव्हिलचं दुसरं शहाणपण ध्वनिमुद्रणात होतं. नव्या संगीताला पहिलं सादरीकरण कसंबसं मिळतं, दुसरं मिळत नाही. पहिल्यांदा ऐकताना कान फक्त वाट शोधत असतो. आवडनिवड ठरते ती दुसऱ्या-तिसऱ्या वेळी. ‘फर्स्ट एडिशन’मध्ये पुढच्या काही दशकांत सुमारे दीडशे एलपी निघाल्या आणि चारशेहून अधिक रचना घरोघरी, ग्रंथालयांत, महाविद्यालयांत पोचल्या. कितीतरी विद्यार्थ्यांनी आपल्या काळातलं संगीत पहिल्यांदा ऐकलं ते लुईव्हिलच्या तबकड्यांवर. १९५९ मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, शोस्ताकोविच आणि इतर सोव्हिएत संगीतकार अमेरिकेच्या दौऱ्यावर आले तेव्हा त्यांच्या मुक्कामांत लुईव्हिलही होतं.

१०. पडझड आणि नवे हंगाम

अनुदान कायमचं नसतं. रॉकफेलरचे पैसे संपले, कमिशनांचा वेग मंदावला, आणि हळूहळू लुईव्हिलचे हंगाम पुन्हा इतरांसारखे दिसू लागले. डिसेंबर २०१० मध्ये ऑर्केस्ट्रानं दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. पगारी वादकांची संख्या किती ठेवायची यावरून व्यवस्थापन आणि वादक यांच्यात तंटा झाला, आणि २०११-१२ चा हंगाम जवळजवळ पूर्ण बुडाला.

२०१४ मध्ये टेडी एब्रम्स हा २७ वर्षांचा दिग्दर्शक संगीत संचालक झाला, आणि फार्न्सलींचा धागा त्यानं पुन्हा हाती घेतला. २०१७ मध्ये शहराचा सुपुत्र मुहम्मद अली याच्या आयुष्यावर त्यानं मोठी रचना सादर केली. २०२३ मध्ये केंटकीतल्याच मॅमथ केव्ह या जगातल्या सर्वांत लांब ज्ञात गुहेत चेलोवादक यो-यो मा यांच्यासह ‘मॅमथ’ सादर झाली. श्रोते संगीत ऐकायला चालत जमिनीखाली उतरले. पियानोवादक युजा वांगसाठी त्यानं लिहिलेला कन्चेर्टो ज्यात आहे त्या ध्वनिमुद्रणाला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं.

याहून मोलाचं पाऊल २०२२ चं. ‘क्रिएटर्स कोअर’ या योजनेत ऑर्केस्ट्रानं तीन संगीतकारांना पगार, आरोग्यविमा आणि राहायला घर देऊन शहरातल्या शेल्बी पार्क या वस्तीत वर्षातले किमान ३० आठवडे मुक्कामी ठेवलं. संगीतकार टपालानं स्वरलिपी धाडणारा पाहुणा राहिला नाही; तो शेजारी झाला. त्याच सुमारास राज्याच्या विधिमंडळानं ४३ लाख डॉलर मंजूर केले आणि ऑर्केस्ट्रा केंटकीच्या छोट्या छोट्या गावांत विनामूल्य कार्यक्रम करत फिरू लागला.

११. कार्यक्रमपत्रिका कशी वाचावी?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे जाणकाराच्या नजरेनं बघता येईल. कुठल्याही ऑर्केस्ट्राच्या जुन्या हंगामांची यादी हाती आली, तर तीन गोष्टी तपासा.

पहिली, हयात संगीतकारांना मिळून किती मिनिटं दिली आहेत? नावांपेक्षा मिनिटं मोजा, कारण दहा मिनिटांची पाच नावं यादीत भारदस्त दिसतात आणि संध्याकाळीत हरवतात.

दुसरी, एकदा वाजलेली नवी रचना पुढच्या हंगामांत परत येते का? पहिल्या सादरीकरणाची बातमी होते. दुसऱ्यानं रचनेला आयुष्य मिळतं.

तिसरी, या यादीतलं असं काय आहे, जे फक्त याच शहरातून येऊ शकलं असतं? मुंबईच्या ऑर्केस्ट्राकडे याचं चांगलं उत्तर आहे. झाकीर हुसेन यांच्याकडून त्यानं तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी ‘पेशकार’ लिहून घेतलं, २०१५ मध्ये ते मुंबईत पहिल्यांदा वाजलं, आणि २०१९ च्या ब्रिटन दौऱ्यात ऑर्केस्ट्रा तीच रचना सोबत घेऊन गेला. कार्नेगी हॉलला ‘ज्युडिथ’ घेऊन गेलेल्या लुईव्हिलसारखाच हा विचार आहे.

मोठ्या शहरांच्या ऑर्केस्ट्रांची बरोबरी करण्यात छोट्या शहराची शक्ती खर्ची पडते आणि बरोबरी कधी होत नाही. बीथोवनची सिम्फनी बर्लिन किंवा व्हिएन्नात अधिक चांगली वाजेल, आणि आता ती घरबसल्या ऐकताही येते. छोट्या शहराचा ऑर्केस्ट्रा जे देऊ शकतो ते वेगळं आहे: आपल्या काळातल्या, आपल्या मातीतल्या संगीतकाराला तो विश्वासानं विचारू शकतो की आमच्यासाठी लिहाल का, आणि लिहिलेलं नीट वाजवू शकतो. त्यासाठी अफाट संपत्ती लागत नाही. १९४८ मध्ये लुईव्हिलकडे कर्ज होतं, संपत्ती नव्हती. तिथल्या लोकांनी आहे तोच पैसा कुणाला द्यायचा याचा निर्णय बदलला, आणि हा निर्णय कुठल्याही शहराला, कुठल्याही हंगामात घेता येतो.